उस्मानभाईंची पिवळी नळी

उस्मानभाई कुठंही गेले की आधी बाहेर पडायची वाट शोधतात, बसायची जागा नंतर. माझ्या मुलीचं लग्न आळेफाट्याच्या कार्यालयात होतं. पंगत बसली, जिलबी वाढून झाली आणि हा माणूस गायब! शोधलं तर मागच्या फाटकापाशी वॉचमनशी हुज्जत घालत उभे. फाटकाला कुलूप होतं आणि उस्मानभाईंचं एकच म्हणणं, "म्होरचं दार बंद पडलं तर?" अहो, दार काय मोटार आहे बंद पडायला? पण वॉचमन रडकुंडीला आला, त्यानं कुलूप काढलं, तेव्हा कुठं हे येऊन पानावर बसले आणि दोन जिलब्या जास्तच खाऊन उठले.

"बंद पडलं तर?" हे त्यांचं पालुपद. लिफ्ट, जत्रेतला पाळणा, पिठाची गिरणी, कशालाही. डॉक्टरांनी रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा आवळला, तर यांचा प्रश्न, "ह्यो सैल व्हायचा बंद पडला तर?" रक्तदाब वाढलेला निघाला, हे सांगायलाच नको.

जुन्नरात त्यांचं पाण्याच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि शेजारी माझं पाइप-फिटिंगचं. संध्याकाळी घरी जायच्या वाटेला दोन्ही बाजूंनी ऊस. ऊस म्हटला की आमच्याकडं बिबट्या आलाच. त्याला सगळेच घाबरतात, मीही घाबरतो. पण मोबाइलवर बातम्यांची चर्चा मोठ्यानं लावून चालणारे हे एकटेच. "त्या भांडणाला माणूस पळतो राव," ते म्हणतात, "मग बिबट्या का न्हाई पळणार?"

आता असा माणूस जोडधंदा कोणता करत असेल? विहिरीत बुड्या मारतो! खरं सांगतोय. पाठीला हवेची टाकी बांधून ते गाळात पडलेली मोटार काढतात, धरणाच्या फुगवट्यात पंपाच्या पाण्यातल्या तोंडाला, फुटव्हॉल्व्हला, गुंडाळलेलं शेवाळ सोडवतात. फार वर्षांपूर्वी धरणाच्या दरवाजांच्या कामाला आलेल्या एका पाणबुड्यानं त्यांना हे शिकवलं आणि जाताना आपलं जुनं सामान स्वस्तात देऊन गेला. जमिनीवर पालीला घाबरणारा हा माणूस काळ्या पाण्यात कसा उतरतो, हे कोडं मला कधीच सुटलं नव्हतं.

कुणी बुडालं, की शोधून काढायला पोलीसपाटलांचा फोनही त्यांनाच येतो. त्या कामाचे ते पैसे घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी शटर अर्धं ओढून दुकानात बसून राहतात. मी चहा पाठवला तर कप तसाच परत येतो.

त्यांच्या कमरेला बांधलेला दोर काठावरून धरायला मात्र त्यांना मीच लागतो. मला पोहता येत नाही. विहिरीच्या काठाला गेलो तरी आधी धरायला झाड शोधतो. "म्हणून तर तुमी," ते म्हणतात. "पव्हणारा माणूस दोर धरून गप्पा हाणतो. घाबरट माणूस दोर सोडत न्हाई, विलासशेठ." याला कौतुक समजायचं की काय, देव जाणे.

अवसरी बुद्रुकला एकाच्या मळ्यातल्या विहिरीत मोटार पडली होती. उस्मानभाई उतरले, बुडबुडे येत राहिले. मी दोर मनगटाला गुंडाळून उभा. मग बुडबुडे थांबले. पाणी एकदम सपाट झालं. बरं चाललंय हे सांगणारा दोराचा झटका येईना. तेवढ्यात खालून झटक्यांवर झटके! मी आणि मळ्याच्या मालकानं मिळून दोर ओढला. वर आले तेव्हा ओठ निळे पडलेले आणि खोकून खोकून जीव अर्धा झालेला. जुना रेग्युलेटर दगा देत होता. टाकीत हवा कोंबून भरलेली असते. ती सोसेल एवढी करून, श्वास ओढला की तोंडात सोडायची, हे रेग्युलेटरचं काम. एक भाग टाकीवर बसतो, दुसरा नळीच्या टोकाला दातात धरायचा असतो. तो दातातला भाग आता निम्मी हवा आणि निम्मं पाणी द्यायला लागला होता.

शमीमभाभींनी तो रेग्युलेटर कपाटात घालून किल्ली स्वतःकडं ठेवली. "नवा आणा, न्हाईतर पाण्यात पाय ठेवायचा न्हाई," त्यांनी नवऱ्याला बजावलं. मग माझ्याकडं वळल्या. "विलासभाऊ, बरोबर तुमीच जावा. चांगला बघून घ्या. ह्यांना एकट्याला धाडलं तर दुकानाचं मागचं दार बघून माघारी येतील." भाभी हसत होत्या, पण त्यांचे डोळे रडून सुजलेले होते.

आम्ही एसटीनं पुण्याला गेलो. संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीशेजारची जागा मिळेपर्यंत हे उभेच. पाणबुड्यांच्या सामानाच्या दुकानात टक्कल पडलेला एक शांत मालक होता. त्यानं रेग्युलेटर मांडले. उस्मानभाईंनी एकेक तोंडात धरून, डोळे मिटून, सावकाश श्वास घ्यायला सुरुवात केली. प्रत्येकाला तोच प्रश्न, "ह्यो बंद पडला तर?" एका गिऱ्हाइकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "काकांना दमा आहे का?"

घासाघीस करण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. सगळ्यात महागडा मी पहिल्या झटक्यात बाजूला सारला. तो म्हणे बर्फासारख्या गार समुद्रासाठी. आमच्या विहिरीत बर्फ कधी पडायचा? सगळ्यात स्वस्त दिसायला झकास होता, पण त्याचे सुटे भाग इथं मिळत नव्हते. ज्याचा वायसर मिळत नाही ती वस्तू फुकट मिळाली तरी महागच, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. मग उरले दोन, किंमत सारखीच. एकाची टाकीवरची बाजू बंद, गाळ आत शिरणार नाही. टाकी संपत आली तरी हवा तितकीच सहज यायची. दुसरा साधा. धुवायला जास्त जपायचं, आणि टाकी रिकामी होत आली की श्वास जरा जोर लावून ओढायचा. मात्र त्याच्याबरोबर एक जादा पिवळी नळी होती. तिच्या टोकालाही दातात धरायचा तसाच भाग.

"पहिला द्या," मी म्हणालो.

"ही पिवळी कशाला असती?" उस्मानभाईंनी विचारलं.

"बरोबरच्या माणसासाठी," मालक म्हणाला. "त्याची हवा संपली तर त्याला द्यायची."

उस्मानभाईंनी ती नळी हातात घेऊन दोनदा उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "ह्योच द्या."

माझं डोकंच फिरलं. "अहो, माणूस एक, तोंड एक! विहिरीत तुमच्याबरोबर कोण असतं? स्वतःचा श्वास सोपा करायचा सोडून हे काय खूळ? भाभींना मी काय तोंड दाखवू?" मालकानं सांगून पाहिलं, की विहिरीच्या खोलीला साधाही पुरेल, फक्त टाकी संपेपर्यंत खाली राहायचं नाही, आणि दरवर्षी इथं आणून खोलून घ्यायचा. पण मी जो तोंड फुगवून एसटीत बसलो, तो मंचर येईपर्यंत बोललो नाही.

मंचरला गर्दी उतरली. उस्मानभाई खिडकीकडं बघत हळूच म्हणाले, "विलासशेठ, पाण्याखाली मला कोण कोण भेटलंय, तुमाला ठाव न्हाई."

मी तोंड फुगवणं विसरून त्यांच्याकडं वळलो.

"दर टायमाला उतरताना वाटतं, आज येळेवर पोचलो. कपारीत अडकल्याल्या हवेत तोंड वर करून कुणीतरी तग धरून असंल. आन माझ्याकडं त्याला द्यायला काय? एकच नळी, तीबी माझ्याच तोंडात. मला पाण्याचं भ्या न्हाई वाटत. ह्याचं वाटतं."

"असं कधी झालंय का?"

"न्हाई झालं. व्हणारबी न्हाई. फोन येईस्तवर लई उशीर झाल्याला असतो." त्यांनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली. "पर मोकळ्या हातानं न्हाई जायचं आता."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी फक्त एक वचन घेतलं, टाकीत हवा भरपूर आहे तोवरच वर यायचं. त्यांनी गळ्याची शपथ घेतली. भाभींनाही हे सगळं सांगितलं. पाण्यात घालायच्या जाकिटाच्या छातीवर त्यांनी एक जाड रबरी पट्टी शिवून दिली, पिवळी नळी चटकन हाताला लागावी म्हणून.

पुढच्या आठवड्यात आम्ही घोडेगावच्या पुढं, फुगवट्याच्या काठी गेलो. उस्मानभाईंनी आपली नळी तपासली. मग पिवळी माझ्यापुढं धरली. "दुसऱ्या नळीची ट्रायल दुसऱ्या माणसानंच घ्यायला पायजे."

"मी? अहो, मला घरी नातवंडं आहेत!"

"छातीइतकंच पाणी हाय. गुडघ्यावर बसायचं. श्वास कोंडायचा न्हाई, चालू ठिवायचा."

कसा उतरलो, माझं मलाच माहीत. पायाखाली चिखल सरकत होता. डोळ्यांवर त्यांचा बुडी मारायचा जुना चष्मा, दातात पिवळी नळी. ती काढून मी ओरडलो, "बंद पडलं तर?"

"माझ्या तोंडातली काढून देतो," ते म्हणाले. अगदी सहज म्हणाले.

त्यांनी माझी कॉलर धरली आणि आम्ही खाली बसलो. कानात पाणी घुमलं. छाती फुटतेय असं वाटलं. समोर गढुळात त्यांचे डोळे माझ्यावर रोखलेले. घाबरून मी श्वास ओढला, आणि हवा आली. कोरडी, रबराच्या वासाची हवा. परत ओढला, परत आली. माझे बुडबुडे आणि त्यांचे बुडबुडे एकत्र वर जात होते. कॉलरवरची त्यांची मूठ मात्र सुटत नव्हती.

वर आल्यावर मी काठावर बसून धापा टाकत होतो. उस्मानभाई पाण्यातच उभे राहून ओंजळी ओंजळीनं तोंड धूत होते, पुन्हा पुन्हा.

"काय झालं?" मी विचारलं. "नळी चांगली आहे की!"

"पाण्याखाली माझ्याम्होरं माणूस श्वास घेतोय," ते म्हणाले, "असं आज पैल्यांदा बघितलं, विलासशेठ."

मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "अजून एकदा जायचं का?"

मी पाण्यात उतरलो आणि पिवळी नळी दातात धरली.