पाकिटातली हळद

विमलाबाईंनी पितळी डबा उघडला आणि श्रीपतरावांची दुपारची झोप तिथेच संपली. डब्यात लग्नाआधी श्रीपतरावांनी त्यांना लिहिलेली सात पत्रं होती. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या या घरात ती चौपन्न वर्षं बंद राहिली, कारण विमलाबाईंना अक्षर येत नव्हतं. गेल्या वर्षी नात अवनीने त्यांना वाचायला शिकवलं, तेही आधी गुजराती, दुकानांच्या पाट्या वाचता याव्यात म्हणून.

नेमकी पत्रंही त्याच लिपीत होती. श्रीपतराव बडोद्यातल्या गुजराती शाळेत शिकलेले. बोलत मराठी, पण लिहीत गुजराती अक्षरांत. विमलाबाईंच्या खानदेशातल्या खेड्यात ही अक्षरं एकट्या किराणा दुकानदार वाडीलालशेठला येत. पत्र तोच वाचून दाखवी, उत्तरही तोच लिही. विमलाबाईंचे वडील तेव्हा शेजारच्या पोत्यावर बसलेले असत.

विमलाबाईंनी अक्षरांखाली बोट धरलं. "'कचेरीत फाईल उघडली की तुमची वेणी दिसते.' अहो, हे तुम्ही लिहिलंत?"

"मग काय साहेबांनी लिहिलं?"

"शेठने तर वाचलं होतं, बडोद्यास पाऊस बरा आहे."

"तुझ्या वडिलांपुढे तो वेणी कशी वाचणार?"

"म्हणून मी आमची म्हैस व्याल्याचं कळवलं."

"ते मी चार वेळा वाचलं," श्रीपतराव म्हणाले. "वाटलं, म्हशीमागे काही तरी असेल."

अवनी तोंडावर ओढणी धरून हसत होती. पाचव्या पत्राशी मात्र विमलाबाईंचं बोट अडलं. "'घरच्यांनी ठरवलं आहे, पण तुमच्या मनात नसेल तर मी मोडतो आणि दोष माझ्यावर घेतो. मनात असेल तर पाकिटात हळदीची चिमूट घाला.'"

"आणि तू घातलीस," श्रीपतराव समाधानाने म्हणाले. प्रत्येक भांडणात ते शेवटी "हळद तू पाठवलीस" एवढंच म्हणत. विमलाबाईंना वाटे, लग्नातल्या हळदीबद्दल काही तरी उलटसुलट बोलतात.

"हे शेठने मला वाचून दाखवलंच नाही."

श्रीपतराव उठले आणि कपाटातून आपली फाईल घेऊन आले. विमलाबाईंच्या उत्तराचा कोपरा अजून पिवळा होता. "मग ही हळद कुठली?"

अवनीने फाईलमधली बाकीची पत्रं काढली. "आजोबा, आ जुओ, हे बघा, यावर पण आहे. आणि यावर. हे तर तुम्ही विचारायच्या आधीचं."

विमलाबाईंची सातही उत्तरं पिवळी होती.

"शेठ हळद जोखता जोखता लिहायचा," विमलाबाई म्हणाल्या. "हात कुठला धुतोय."

श्रीपतराव खुर्चीत बसले. बराच वेळ ते पत्राचा कोपरा चोळत राहिले. "म्हणजे मला कुणी हो म्हटलंच नाही."

"वाडीलालशेठ म्हणाले ना," अवनी म्हणाली. आजीने डोळे वटारले.

"अगं, तुला तेव्हा कळलं असतं तर?" श्रीपतरावांनी हळूच विचारलं.

"तुम्ही मला विचारलंत कुठे? शेठला विचारलंत."

"मग आता विचारतो."

"लिहून विचारा. आता वाचता येतं मला."

श्रीपतरावांनी दुधाच्या कॅलेंडरचा गेला महिना फाडला, मागे दोन ओळी लिहिल्या आणि घडी घालून दिला. विमलाबाईंनी बोट धरून सावकाश वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. डबे वाजले. त्या रिकाम्या हाताने परत आल्या.

"हळद संपलीय."

अवनी उठायच्या आत श्रीपतरावांनी चपला चढवल्या. ऐन उन्हात ते खंडेराव मार्केटकडे गेले आणि तासाभराने घामाघूम होऊन आले. पिशवीत किलोभर हळद होती.

विमलाबाईंनी पुडा फोडला. चिमूटभर हळद त्या कागदात घातली, घडी केली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

"अहो, एवढ्यालाच तर हवी होती. किलोभर कशाला?"

"राहू दे घरात," घडी खिशात ठेवत श्रीपतराव म्हणाले. "अजून भांडणं व्हायचीत."