केरबा अस्वलाचा रंधा

बाळांनो, मोबाईल जरा बाजूला ठेवा आणि ऐका. एका जंगलात एक अस्वल राहायचं, आणि त्याच्या गुहेचं दार लागत नव्हतं.

अस्वलाचं नाव केरबा. बायको अनसूया, आणि नुकतंच डोळे उघडलेलं एक पिल्लू. दार बाभळीचं होतं. ओल खाऊन ते फुगलं आणि चौकटीत अडायला लागलं. कितीही ढकललं तरी फट राहायची.

एका संध्याकाळी त्या फटीतून बिबट्याचा पंजा आत आला. जरा चाचपडला आणि परत गेला.

"अहो, दाराची कड तासून घ्या," अनसूया म्हणाली. "उद्याच."

केरबा बाजारात गेला. तिथे सुतारपक्षी आपली जुनी हत्यारं विकायला बसला होता.

"आमच्या आजोबांचा रंधा आहे," तो म्हणाला. "मी आता मशीन घेतलंय. मान फार दुखायची."

रंध्याची अवस्था वाईट होती. पातं गंजलेलं, तळ वाकडा, पातं घट्ट बसवायची पाचर ढिली. पण केरबा मनापासून कामाला लागला. पातं चिंचेच्या पाण्यात भिजवलं, घासून गंज काढला. तळ सपाट खडकावर घासून सरळ केला. नवी पाचर कोरली. ओढ्यातल्या दगडावर धार लावली आणि एका फळकुटावर रंधा चालवून पाहिला. कागदासारखी पातळ, कुरळी ढलपी निघाली. केरबाला इतका आनंद झाला की त्याने ती ढलपी उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिली.

बाळांनो, त्याने तेव्हाच उठून दार तासलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण तेवढ्यात माधवराव वानर आले.

"धार कुठल्या दगडावर लावलीत?" त्यांनी विचारलं.

"ओढ्यातल्या."

माधवरावांनी खेदाने मान हलवली. "नदीपलीकडच्या डोंगरात काळा दगड मिळतो. तुम्ही समजूतदार दिसता, म्हणून सांगतो."

केरबा काळा दगड आणायला गेला. तो आल्यावर साळिंदर म्हणालं, पातं चुकीच्या कोनात घासलंय. मग करडईचं तेल चांगलं की जवसाचं, यावर वाद झाला. सांबर रागावून घरी गेलं. वाद नीट व्हावेत म्हणून 'जुनी हत्यारं संवर्धन मंडळ' निघालं. मंडळात रंधा दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. तो फक्त केरबाकडे होता, त्यामुळे केरबाला फार मान मिळू लागला.

इकडे अनसूया रोज अंधार पडला की दाराला पाठ लावून बसायची. पिल्लू मांडीवर झोपायचं. तिला झोप यायची नाही.

"दाराचं काय झालं?" ती विचारायची.

"अगं, बाभळीवर ही धार चालवायची? पार बोथट होईल. तू माझ्या जागी असतीस तर तुला कळलं असतं."

"मी दाराच्या जागी आहे," अनसूया म्हणाली.

पुढे मंडळाने केरबाचा सत्कार ठरवला. रंधा मात्र घरीच राहिला, कारण उन्हात त्याचा तळ वाकेल अशी सगळ्यांना काळजी होती. केरबा निघून गेला. अनसूयेने रेशमी फडक्यातून रंधा काढला, दार उतरवलं आणि कडेवर रंधा टेकवला.

आधी तो लाकडाच्या उलट्या रेषांवर अडखळून उडाला. तिने दार फिरवून घेतलं, पुन्हा रेटला. ढलप्या पडू लागल्या. पिल्लू त्यांत लोळायला लागलं. तिने दार परत बसवलं, ढकललं. ते हलकेच चौकटीत बसलं. अनसूया जमिनीवर टेकली. कितीतरी दिवसांनी तिची पाठ मोकळी होती.

संध्याकाळी केरबा शाल पांघरून आला.

"अगं, दार अडलंय."

"अडलं नाही, लागलंय." तिने दार उघडून रंधा त्याच्या हातात दिला. "छान चालतो हो."

केरबाने पात्यावरून बोट फिरवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो तिथेच उंबऱ्याबाहेर काळा दगड घेऊन बसला.

"आत या. बिबट्याची यायची वेळ झाली."

"आलोच. एवढी धार होऊ दे."

अनसूयेने वाट पाहिली. मग कडी लावली आणि पिल्लाला कुशीत घेऊन गाढ झोपली.

बिबट्या आला. त्याने दार रेटलं, नखं फिरवून पाहिली. फट नव्हती. तो वळला.

"उजेड अडवू नकोस," केरबा मान वर न करता म्हणाला.

"काय करताय?" बिबट्याने विचारलं.

त्याने ते विचारायला नको होतं. केरबाने त्याला बसवून घेतलं आणि गंजापासून सांगायला सुरुवात केली. बिबट्या आधी जांभया देत होता. मग हळूच त्याने विचारलं, "म्हणजे नखांनाही काळा दगडच बरा?"

हल्ली बिबट्या मंडळाचा कार्याध्यक्ष आहे. त्याने शिकारीला जाणं सोडलंय, नखं बोथट होतात म्हणून. त्याच्या कारकिर्दीतल्या पहिल्याच ठरावात अनसूयेचा तीव्र निषेध करण्यात आला. ठराव एकमताने मंजूर झाला.

तात्पर्य : हत्यार चांगलं असेल तर ते कामाला लावू नये. काम होऊन जातं, आणि मग चार लोकांत बोलायला काही उरत नाही.