दोन जुने, एक नवा

आमच्या घड्याळात दोन जुने सेल आणि एक नवा घातल्यामुळे माझी मुलगी रेवती माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठी झाली आहे. मी छप्पन्न वर्षांचा, ती सत्तावन्नची.

घड्याळ मी घरीच बनवलं. आयटीआयमध्ये पंचवीस वर्षं पोरांना सोल्डरिंग शिकवतोय, तेव्हा जोडणीत चूक असेल असं कुणी म्हणू नये. बुटांचं खोकं, पुढे लाल आकडे, मागे सेल. घरात माणसं तीन म्हणून सेल तीन, माणशी एक. इतकं साधं आहे ते.

बुधवारी संध्याकाळी आकडे मंद झाले. रेवतीला नांदेडला नोकरी लागली होती आणि बससाठी सहाला घर सोडायचं होतं. तिनं कोपऱ्यावरून तीन नवे सेल आणले. मी जुने काढून एकेक दाताने चावून पाहिला. एक पार गेला होता, दोहोंत जीव होता. जीव असलेला सेल आमच्याकडे टाकत नाहीत. रिमोटमधून टॉर्चमध्ये, टॉर्चमधून घड्याळात, मध्ये दोन दिवस गच्चीवर उन्हात, असं चालतं. म्हणून मी एकच नवा घातला. तो रेवतीच्या वाट्याला आला. पाच बावन्नला मी आणि माझी बायको कुंदा थांबलो आणि रेवती चालू राहिली.

"बाबा, ते दोन पण बदला ना."

"एक मिनिट. चहा होऊ दे."

उरलेले दोन नवे सेल पिशवीत टाकून ती दार ओढून गेली. मी कपाकडे हात नेला तोवर परत आली. अंगावर दुसराच ड्रेस, हातात पेढ्यांचा पुडा. नोकरीत कायम झाली म्हणे.

"अगं, आत्ता तर गेलीस," कुंदा म्हणाली.

"दोन वर्षं झाली, आई. बाबा, सेल."

"अगं हो, एक मिनिट."

मला काही कळेना. कपातून वाफ येत होती. ती पुन्हा गेली, पुन्हा आली. या वेळी गळ्यात मंगळसूत्र. तुमच्या दोन खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या ठेवल्या होत्या, म्हणाली. कुंदा रडायला लागली. पण तिचा पदर डोळ्यांपर्यंत पोचायच्या आत रेवती चष्मा लावून परत आलेली.

"मीच घालते सेल," ती म्हणाली.

"हात लावू नकोस, वायर तुटेल. मी घालतो."

अशा बऱ्याच खेपा झाल्यावर तिनं कसलासा अर्ज आणला. तिच्या ऑफिसच्या औषधपाण्याच्या योजनेत आमची नावं घालायची होती. मी म्हटलं, आमचं वय बघून हसतील. हसले नाहीत. आई-वडील अर्जदारापेक्षा लहान असल्यास अर्जाच्या मागच्या बाजूला रकाना असतो, तिथे सही करायची. मी केली.

मग मी उठून सेल का बदलले नाहीत? खरं सांगतो, मला सहा वाजायला नको होते. सहाला पोरगी जाणार आणि ओट्यावर दोनच कप राहणार. म्हटलं, मिनिटभर लांबलं तर कुणाचं काय जातंय. तिचं जात होतं, हे मला तिच्या पांढऱ्या केसांकडे बघेपर्यंत सुचलं नाही. मला माझीच लाज वाटली.

"आण ते सेल," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता घालतो."

"या वेळी नाही आणले," रेवती म्हणाली. आवाजात राग नव्हता, दमलेली होती. खोक्याच्या मागून तिनं आपला सेल काढला, पदराला पुसला आणि चावून पाहिला. अगदी माझ्यासारखाच.

"माझाही जुनाच झाला की, बाबा. पण आहे जीव."

तिनं तो परत जागेवर बसवला आणि खुर्ची ओढून आमच्यामध्ये बसली. तीनही सेल आता सारखेच होते. लाल आकडे एकदा विझले, पुन्हा लागले. पाच त्रेपन्न.

कपातली वाफ कमी व्हायला लागली. कुंदानं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "तुझी निघायची वेळ झाली ना गं?"

"सात मिनिटं आहेत अजून," रेवती म्हणाली. "चहा दे."