मारोतीआबा आणि बावीसचा आकडा

आमच्या गावचे मारोतीआबा चहा पिण्याआधी त्यातली साखर मोजतात. चव घेऊन नाही, यंत्राने. सदऱ्याच्या खिशातून ते वीतभर लांबीची काळी नळी काढतात, तिच्या टोकाच्या तिरक्या काचेवर चहाचा एक थेंब सोडतात, वरचं झाकण बसवतात आणि एक डोळा मिटून नळी आभाळाकडे रोखतात. औंढ्याच्या बसस्टँडसमोर सलीमभाईंचं हॉटेल आहे. तिथे देवदर्शनाला आलेली परगावची माणसं हे बघून थबकतात आणि आभाळात काय आहे म्हणून आपणही वर बघतात.

"तेरा," आबा जाहीर करतात. "सलीम, काल चौदा व्हती. हात आखडून राहिला तू."

"साखर बराबर तेवढीच हाय, आबा. तुमच्या दुर्बिणीला मोतीबिंदू झालाय."

ती नळी खरं तर द्राक्षाची गोडी मोजायची आहे. वाइनच्या कंपनीने दिलेली. तिचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण आबा तिला 'मीटर' म्हणतात. या मीटरने आबांनी आजवर नागनाथाच्या देवळातलं पंचामृत मोजलं आहे, माझ्या भावाचं खोकल्याचं औषध मोजलं आहे, आणि एका बारशात जिलबीचा पाक मोजला आहे. पाक आकड्यांच्या पलीकडे गेला तेव्हा आबा जेवणभर बेचैन होते. "मोजता येत न्हाई इतकं गोड माणसानं खाऊ नये," म्हणाले आणि जिलबी परत ठेवली.

पुढे पुढे ते माणसांनाही आकडे देऊ लागले. तलाठी बारा. माझे वडील सोळा. मी कॉलेजात जायच्या आधी अठरा होते, गेल्यावर पंधरा. बावीस मात्र त्यांनी अजून कुणाला दिलेले नाहीत.

बावीसचं कारण असं. वाइनच्या द्राक्षातली साखर बावीसवर आली की कंपनी माल नेते. आबांनी माळावरच्या एका एकरात ही द्राक्षं लावली. पहिल्या पिकाला साखर सतरा भरली. कंपनीने माल घेतला नाही, आणि वाइनची द्राक्षं बारीक, बियांची, जाड सालीची, त्यामुळे आठवडी बाजारात कुणी तोंडात टाकेना. शेवटी शेळ्यांनी खाल्ली. त्यानंतर आठ दिवस आबा शेळ्यांचं दूध मोजत होते.

आमचं गाव सिद्धेश्वरच्या धरणापासून फार लांब नाही. पण कालवा खालच्या अंगाने जातो आणि गाव वर माळावर आहे. म्हणजे कालवा आम्हाला दिसतो. खालची गावं हळद घेतात, केळी घेतात; आम्ही सोयाबीन पेरतो. अशा ठिकाणी कमी पाण्यावर येणारं, वर्षानुवर्षं टिकणारं पीक कुणी सुचवलं तर माणूस ऐकणारच. बाकीच्यांनी ऐकून सोडून दिलं. आबांनी लावलं.

यातली अडचण वेगळीच होती. आबा आमच्या गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष आहेत. गावातल्या बायकांना बरोबर घेऊन त्यांनी स्वतः दोन भट्ट्या मोडलेल्या आहेत. त्यामुळे पारावर बसलं की कुणीतरी सुरू करतंच.

"अध्यक्ष, दारू बंद करून दारूची बाग लावली व्हय?"

"ती दारू न्हाई. वाइन हाय."

"फरक काय पडला?"

"दारू पेऊन माणूस नालीत पडतो. वाइन पेऊन सोफ्यावर पडतो."

"तुमी बघितलं का?"

"कंपनीच्या पुस्तकात फोटू हाय."

आबांनी स्वतः वाइन कधी चाखलेली नाही. चाखणारही नाहीत. एकदा कंपनीच्या साहेबांनी बाटली भेट आणली, तर ती त्यांनी गोठ्यातल्या कोनाड्यात उलटी ठेवली, लेबल कुणाला वाचता येऊ नये म्हणून.

मी हिंगोलीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझा एक विषय वनस्पतिशास्त्र, आणि तेवढ्यावरून आबांनी ठरवून टाकलं की मला द्राक्षातलं सगळं कळतं. कळत नव्हतं, पण तसं सांगायचं धाडस झालं नाही. मग लायब्ररीतून पुस्तक आणलं. ते इंग्रजी होतं. डिक्शनरी शेजारी ठेवून महिनाभर वाचलं तेव्हा एवढं कळलं, की या वेलीला फार सुख मानवत नाही. मण्यांना रंग चढायला लागला की काढणीपर्यंत तिचं पाणी तोडायचं. वेल तहानली की मणी बारीक राहतात आणि गोडी घट्ट होते. पाणी जास्त झालं की मणी फुगतात आणि गोडी पातळ होते.

हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. आपल्याकडे पाणी नाही, याचा कुठेतरी उपयोग आहे, असं पहिल्यांदाच वाटलं. कॉलेजात सर पण म्हणायचे की मराठवाड्याच्या शेतीचं पुढचं चित्र असंच असेल. घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते दिवसभर सोयाबीन काढून आले होते, पाय धूत होते.

"तहानेवर पीक येत असतं, तं आपला माळ सोन्याचा झाला असता," म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या हंगामात मी आबांना तक्ता करून दिला. रोजचं पाणी किती, हे लिहायचं. जानेवारीत मण्यांना रंग आला त्या दिवसापासून तक्त्यात शून्य. रोज शून्य. आबा स्वतः पेन्सिलने मोठ्ठं शून्य काढायचे, अगदी वाटोळं, आणि खाली सही करायचे. मला वाटलं, आता बावीस येणार.

मणी मात्र फुगत होते. शाळेतल्या पोरांच्या गालांसारखे टम्म. शेततळ्यात मी खुणा केलेली काठी रोवली होती, तिच्यावर पाणी रोज खाली खाली दिसायचं. मी वहीत लिहिलं, 'बाष्पीभवन.' मग हिशेब केला, तर एवढं बाष्पीभवन व्हायला ऊन वैशाखातलं हवं होतं. सरांना विचारलं. सर म्हणाले, कुठेतरी गळती असेल, बघून ये.

तळं बागेच्या वरच्या अंगाला आहे. व्हॉल्व्ह उघडला की मोटर न लावता पाणी ठिबकच्या नळ्यांतून खाली उतरतं. गळती बघायला मी दुपारी गेले, कारण तेव्हा माणसं जेवून आडवी झालेली असतात आणि कुणी विचारत नाही की कालेजवाली उन्हात काय शोधून राहिली.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता. सगळ्या ओळींमध्ये थेंब थेंब चालू होता. शेवटच्या ओळींपर्यंत दाब पोहोचत नाही, तर तिथे मारोतीआबा अनवाणी उभे होते आणि हंड्यातून एकेका वेलीच्या बुडाशी पाणी ओतत होते. हळूहळू, तोंड धुवायला लेकराच्या ओंजळीत घालतात तसं.

मला बघून ते लपले नाहीत.

"आबा, आपण पाणी तोडलंय ना?"

"व्हय. तोडलंय."

"मग हे?"

"हे थोडंसं हाय." त्यांनी पुढच्या वेलीला ओतलं. "रोज न्हाई देत. म्हंजे रोज देतो, पण थोडंसंच."

मला राग आला होता. तक्त्यातली ती वाटोळी शून्यं डोळ्यांपुढे येत होती. पण मला मोठ्या माणसावर रागावता येत नाही. आबांनी हंडा पालथा घातला आणि त्यावर बसले.

"हितं मोसंबीची बाग व्हती," ते म्हणाले. "तू अंगणवाडीत असशील तव्हा. दुष्काळात विहिरीला निम्म्या झाडांपुरतं पाणी ऱ्हायलं. मग कोणती ठेवायची, हे ठरवायचं आलं. मी बोट दाखवायचो अन् कौसा त्या झाडाला चिंधी बांधायची."

कौसा म्हणजे त्यांची बायको. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

"ठेवायची झाडं पल्याडच्या अंगाला व्हती. हंडा न्यायची वाट ह्या दुसऱ्यांमधून. महिनाभर मी त्यांच्यापुढून भरला हंडा घेऊन गेलो. झाडाला डोळे नसतात, ते खरं हाय. पण मी मान खाली घालूनच जायचो."

"मग ती चिंधीवाली वाचली का?"

"कशाची वाचली. पुढं विहीरच आटली. सगळीच जाणार व्हती तं मला चिंध्या बांधायला काहून लावलं, असं कौसा कधी म्हणली न्हाई. पण त्यानंतर ती कोणतीच गोष्ट निवडायची न्हाई. लुगडं घ्यायला गेलं तरी म्हणायची, तुमीच दाखवा बोट."

ठिबकचा आवाज इतका बारीक असतो की गप्प बसल्याशिवाय ऐकू येत नाही. थोडा वेळ तो ऐकू आला.

"तुझ्या पुस्तकात लिहिलंय, वेलीला तहान मानवते. पुस्तक बराबर असंल," आबा म्हणाले. "पण बघणारानं काय करायचं, ते लिहिलंय का त्यात?"

"नाही," मी म्हणाले. खरंच लिहिलेलं नव्हतं.

चार दिवसांनी कंपनीचे साहेब आले. तरुणच आहेत, दिवसभर मोटारसायकलवर गावोगाव फिरून दमलेले असतात. त्यांनी दहा ठिकाणचे मणी चिरडून पाहिले. साखर एकोणीस.

"आबा, पाणी पडतंय कुठून तरी."

"आभाळ तं कोरडं हाय, साहेब."

"तळं पण खाली गेलंय." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही लिहून ठेवता ना? पाणी कुठे गेलं?"

"बाष्पीभवन, सर," मी म्हणाले.

साहेबांनी मान हलवली. म्हणाले, पुढच्या हंगामात बावीस नाही आली तर करार संपला. आणि कंपनी नाही तर ही द्राक्षं ठेवून करायचं काय? बाग उपटावी लागणार, हे कुणी बोललं नाही तरी तिघांनाही कळलं. ते गेल्यावर आबा बराच वेळ वेलींच्या तारेला धरून उभे होते. मग म्हणाले, "आज तू वीस."

यंदा जानेवारीत मण्यांना रंग चढला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा सकाळीच आमच्या दारात आले. हातात कापडी पिशवी, डोक्याला नवा रुमाल. व्हॉल्व्हवर त्यांनी पत्र्याची पेटी बसवून घेतली होती आणि तिला कुलूप. त्याची किल्ली आणि मीटर त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

"मी बाळापूरला लेकीकडं चाललो. काढणीपर्यंत न्हाई येत."

"आबा, मला जमेल का?"

"तुला वेलींची सवय न्हाई. तुला जमंल."

आखाडा बाळापूरची एसटी येईपर्यंत ते बागेकडे पाठ करून उभे राहिले.

मला वाटलं होतं, काही न करणं सोपं असेल. कॉलेजमधून आले की मी बागेत चक्कर मारते आणि काही करत नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी येते. बुडाकडची पानं पिवळी पडून गळली. वेलीचे शेंडे वाढायचे थांबले. पुस्तकात असंच व्हायला हवं म्हणून लिहिलंय, आणि मी ते पान पुन्हा पुन्हा उघडून बघते. सलीमभाई बसस्टँडवर विचारतात, "अध्यक्ष कधी येतेत? ते गेल्यापासून चहात साखर किती टाकावी, कळतच न्हाई." वडील विचारत नाहीत, पण परवा आपल्या शेतातून येताना ते बागेपाशी थांबले, एक मणी तोडून तोंडात टाकला, आणि दुसरा तोडला.

साखर काल एकवीसच्या वर गेली. काढणीला नऊ दिवस राहिले आहेत.

आबांचा फोन दुपारी दोनच्या सुमाराला येतो. साखर किती, हे ते एकदाही विचारत नाहीत.

"जेवलीस?"

"व्हय, आबा."

"तुझा बाप?"

"झोपलेत."

"बरं." मग जरा थांबून, "ऊन कसं हाय तिकडं?"

काल ऊन असं होतं की तळ्याच्या काठचं प्लॅस्टिक हाताला चटके देत होतं. आभाळात पांढरा ठिपकासुद्धा नव्हता. पानं कडेने आत वळली होती, मुठी मिटल्यासारखी. मी व्हॉल्व्हच्या पेटीवर बसले होते. किल्ली कुलपात घालून मी एकदा फिरवलीसुद्धा होती, आणि परत काढून घेतली होती.

"इथं ढग आलेत, आबा," मी म्हणाले. "सगळ्या बागेवर सावली हाय."

बाळापूर इथून असं किती लांब? एकाच जिल्ह्यातलं आभाळ. तिकडे त्यांच्या लेकीच्या अंगणात कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"व्हय," ते म्हणाले. "इकडूनबी दिसून राहिले."