ठकूमावशीची आंबट बरणी

एका जंगलात, जिथे सिंहालाही चष्मा लागला होता, ठकूमावशी नावाची एक म्हातारी साळिंदरीण राहायची. नीट बसा, बाळांनो, आणि नाकातलं बोट काढा.

मावशीला दोन नातवंडं होती आणि एक बरणी. बरणीत बारीक चिरलेला कोबी, मीठ आणि वर दाबायला दगड. मिठाने कोबीला पाणी सुटायचं, त्यात तो बुडून राहायचा आणि झकास आंबायचा. ही कृती तिला नदीपलीकडच्या रानडुकरिणीने शिकवली होती. डुकरं त्याला सावरक्राउट म्हणायची. म्हणजे त्यांच्या भाषेत आंबट पाला. एवढंच. उगीच घाबरू नका.

उन्हाळ्यात जंगलात हिरवं पान उरत नसे. हिरड्यांतून रक्त यायचं, दात हलायचे. आंबट कोबी खाणाऱ्यांचे मात्र शाबूत. पाणमांजरं तर लांबच्या सफरीला निघाली की ओंडक्यावर आधी कोबीची बरणी चढवायची, मग बायकोला.

पुढे सिंहाचं आणि डुकरांचं भांडण जुंपलं. कशावरून, ते दोघांनाही आठवेना.

प्रधान कोल्हा दवंडी पिटत मावशीच्या दारात आला. "शत्रूचं नाव असलेली बरणी फोडा!"

मावशीने काटे उभारले. "फोड की! उन्हाळ्यात माझ्या नातवंडांचे दात पडले, तर तुझे उपटून त्यांना बसवीन."

कोल्ह्याने जिभेने आपले दात चाचपले. "मावशी, राजाचा हुकूम आहे हो."

"मेल्या, तुला खुपतं काय? कोबी की नाव?"

"नाव."

"मग नाव फोड!"

सभा भरली. पुष्कळ खाकरून झाल्यावर नवं नाव ठरलं, शौर्यकोबी. कालपर्यंत वासाने नाकाला शेपूट लावणाऱ्या माकडिणी वाट्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.

बरणी वाचली म्हणून मावशी जरा टेकते, तोच कोल्हा पुन्हा हजर.

"आतला दगड कुठला?"

"नदीपलीकडचा. डुकरिणीनेच दिलाय."

"काय? शत्रूचा दगड आमच्या शौर्याच्या डोक्यावर?"

"अरे शहाण्या, दगड काढलास तर कोबी तरंगेल. वारा लागून नासेल."

"आमचा कोबी स्वतःच्या हिमतीवर खाली बसेल!"

दगड काढला. त्या जागी झेंडा रोवला. मावशी अंगणातला साधा धोंडा घेऊन आली, तर पहारेकरी लांडगे गुरकावले, "शौर्य दाबायचं नाही!"

कोबी वर आला. त्याला बुरशी धरली. काळी, केसाळ, जवळजवळ प्रधानासारखी.

मग शौर्यकोबी वाढायचा मोठा समारंभ झाला. "नासलाय रे, खाऊ नका!" मावशी ओरडली आणि तिने नातवंडांची तोंडं दाबून धरली.

"गप्प बसा! नासतो तो शत्रूचा," कोल्हा म्हणाला.

राजाने पहिला घास घेतला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"महाराजांना भरून आलंय!" कोल्ह्याने जाहीर केलं. मग कोण मागे राहतो? सगळ्यांनी खाल्लं. पहारेकऱ्यांना दुप्पट वाढलं.

दुपारी अख्खा दरबार झुडपांमागे बसला होता. घोषणा चालूच होत्या, पण मध्येमध्ये थांबत होत्या. नदीवर पहाऱ्याला कोणी म्हणून उरलं नव्हतं. मावशीने नातवंडांना पाठीवर घ्यायचं मनात आणलं, काटे आठवले, आणि त्यांना हाताला धरून भर उन्हात नदी ओलांडली.

डुकरिणीने काही न विचारता वाट्या मांडल्या. पोरं करकर चावू लागली, तेव्हा तिने हळूच विचारलं, "तुझ्या कोबीचं काय झालं ग?"

"काय व्हायचंय?" मावशी म्हणाली. "शूर झाला."

तात्पर्य : परक्या पदार्थाचं नाव बदललं की तो आपला होतो. मात्र तो आपण खाऊ नये, पहारेकऱ्यांना पोटभर वाढावा.