शिंदे अण्णांची खिरापत

आमचे शेजारी शिंदे अण्णा दर नवरात्रात रेल्वेचं तिकीट काढतात स्वतःसाठी, पण खिडकीची जागा मिळते ती डब्याला. दोन टॉवेलांत गुंडाळलेला स्टीलचा डबा! हात लावायला गेलात तर ओरडतील, "हलवू नका ओ! आवाज झाला की संपलं!"

अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. मी आपली पुण्याहून सर्जापूर रोडला आलेली, आणि जात्याच भोचक. यंदा राहवेना, म्हणून यशवंतपूरला त्यांच्याबरोबर गाडीत बसले. जायचं होतं बेळगावला, त्यांच्या बायकोच्या, मालतीअक्कांच्या माहेरी, गल्लीतल्या भोंडल्याला.

भोंडल्याला पुरुष? हो, एकटे अण्णा! बायका पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरतात आणि हे कोट घालून कोपऱ्यात बसतात, डब्यावर हात ठेवून. गाणी संपली की डब्यातली खिरापत ओळखायची. मालतीअक्का होत्या तोवर डबा त्या आणायच्या. त्या गेल्या, त्या वर्षी अण्णा स्वतः डबा घेऊन आले आणि साऱ्या बायकांशी पैज लावली, "ज्या वर्षी ओळखाल, त्या वर्षापासून माझं येणं बंद!"

आता त्यात ओळखायचं काय, कपाळ! आदल्या दिवशी आमचा अख्खा मजला भाजलेल्या पिठाच्या नि गुळाच्या वासाने भरला होता. तंबिट्टू, म्हणजे तांदळाच्या पिठाचे लाडू. दरवर्षी तेच. मालतीअक्कांच्या कृतीत बदल करायचा नाही, हा अण्णांचा हट्ट.

अण्णांनी डबा उचलला. एवढं जपूनही तो वाजलाच.

"ओळखा!"

"चकली?"

"चूक!"

"शंकरपाळी?"

"सरी इल्ला! चूक!"

एवढ्या सुगरणी, आणि नाकं काय गहाण टाकलीत यांनी? मी तोंड उघडलं, "तं..." तोच दंडाला करकचून चिमटा बसला. शेजारी अण्णांची मेहुणी होती, वत्सला.

"गप की गं!" ती कानाशी कुजबुजली. "ओळखलं की भावजी यायचे थांबतील. बिननिमित्ताचं पाऊल उचलणारा माणूस नव्हे तो. आणि तिकडं त्यांचं आहे कोण?"

मी तो 'तं' तसाच गिळला.

"तिखट शेव!" मी ओरडले.

"चूऽऽक!" अण्णा खुर्चीतून उठलेच. "हरलात सगळ्या! आता पुढच्या वर्षी मला यावंच लागणार, बघा!"

लाडू वाटत वाटत ते माझ्यापाशी आले. हातावर एक ठेवला, मग आणखी एक.

"तिखट शेव म्हणे!" ते अगदी हळू म्हणाले. "अख्ख्या मजल्यावर गुळाचा वास सुटलेला असताना! पुढच्या वर्षी निदान गोडाचं काहीतरी सांग गं, बाळ."