मनकर्णाबाईंचे नाक आणि मोहर्लीचे दोन श्वान

वाचणारे धनी यांचे सेवेशी लेखकाची विज्ञापना ऐसीजे. लढाया बहुतांनी लिहिल्या, किल्ले बहुतांनी घेतले, परंतु घरी दोन श्वान बाळगून घर सुवासिक राखणे, हा मुलूख कोणी सर केल्याचे ऐकिवात नव्हते. तो मुक्काम मोहर्ली, ताडोबाचे वनाचे वेशीवर, निकेश गाईड यांचे दोन खोल्यांचे दौलतीत सर जाहला. ती हकीकत आम्ही शेजारचे ओट्यावर बसून, प्रसंगी नाकास रुमाल लावून, जैसी घडली तैसी लिहितो. ज्यांस श्वान नावडतात त्यांनी येथूनच माघारी फिरावे, आमचे त्यांचे जमणार नाही.

निकेशराव म्हणजे सफारीचे जिप्सीत बसून पाहुण्यांस वाघ दाखविणारे नामजाद सरदार. त्यांचे पदरी भुऱ्या व झिपरी ऐसे दोन श्वान. भुऱ्या अंगाने थोर, अकलेने बेताचा. झिपरी केसाळ, आणि तिचे केसांचा अंमल गादीपासून वरणापर्यंत अवघ्या घरावर चाले. उभयतांचे अंगास जो दर्प होता तो घरच्यांस सवयीने कळेनासा जाहला होता, आणि येथेच दगा जाहला. निकेशरावांच्या मातोश्री मनकर्णाबाईसाहेब एका लग्नास गेल्या, पंगतीत बसल्या, आणि शेजारचे पाटावरील विहीणबाईंनी दोनदा हुंगून भर पंगतीत सवाल केला, "काऊन वो बाई, कुत्र्याच्याच गोधडीत निजता का?" पंगत हसली. बाईसाहेबांच्या हातचा घास हातीच राहिला, आणि त्या मठ्ठा न पिता उठल्या.

मग घरी येताच फर्मान सुटले, ते येणेप्रमाणे: "मी एटापल्लीले पोरीकडं जाईन. परत येईन तवा घरात कुत्र्याचा वास आला, त दोघाईले वावरातल्या झोपडीत धाडून देजो. नाई त मी या घरात पाय ठेवणार नाई." आता ते वावर म्हणजे जंगलास लागून, आणि झोपडीपाशी बिबट्याची नित्य ये-जा. शेजारचे शेतवाले वारलूभाऊ, त्यांचा राखणीचा कुत्रा गेले पावसाळी तेथूनच नाहीसा जाहला आणि मागे गळ्याचा पट्टा तेवढा सापडला. सबब फर्मान दिसावयास वासाचे, परंतु मामला शिरांचा होता. मातोश्री एसटीत बसून गेल्या आणि निकेशराव भुऱ्याचे गळ्यात पडून रडले. सरदाराचे रडणे बखरीत लिहू नये, परंतु रडले.

मग मसलत बसली. निकेशरावांनी चंद्रपुराहून मोगऱ्याचे फवाऱ्यांचे डबे मागविले आणि दारे-खिडक्या बंद करून सर्व कोपऱ्यांवर एकच सरबत्ती केली. परिणाम ऐसा जाहला की ओल्या कुत्र्याने गजरा माळून घरभर मिरवावे. झिपरी शिंकून शिंकून हैराण जाहली आणि आम्हीही ओटा सोडून आत गेलो. तेव्हा निकेशरावांचे कुटुंब रंजीताबाई पदर खोचून पुढे आल्या आणि बोलल्या, "वासावर वास मारून वास जात असते का जी? पयले घाण काढा." येवढे बोलून त्यांनी सेनापतिपद आपणाकडे घेतले, आणि खरे सांगावयाचे तर ते आधीच त्यांजकडे असावयास हवे होते.

मग रंजीताबाईंनी मूळ ठाणीच उखडली. श्वानांची पोती, गोधड्या, चादरी कढत पाण्यात बुडवून, बडवून, कडक उन्हात वाळविल्या. सोफ्यावर खायचा सोडा भुरभुरून तो मुरू दिला आणि मग झाडून काढिला, त्यापायी स्वयंपाकास सोडा न उरून घरची भजी दगडासारखी जाहली, ती निकेशरावांनी निमूट गिळिली. लादी व्हिनेगरचे पाण्याने पुसली, समोरासमोरच्या खिडक्या उघडून वाऱ्यास वाट दिली, उंबरठ्याशी ओले फडके ठेविले आणि पाय पुसल्यावाचून श्वानास प्रवेश मना केला. निकेशरावांसही तोच कायदा लागू जाहला. झिपरीस अंगणात नेऊन विंचरिले, तेव्हा इतके केस निघाले की त्यात तिसरा कुत्रा सहज उभा राहता. स्नानाचा हुकूम ऐकताच भुऱ्याने जिप्सीखाली मोर्चा धरिला, त्यास कोंबडीचे हाड दाखवून फितूर करावे लागले. मग कडूनिंबाचे काढ्याने उभयतांस न्हाऊ घातले, आणि उभयतांनी अंग झटकून निकेशरावांस न्हाऊ घातले. ऐसी रोजची झुंज जाहली आणि अखेर ते घर कशाचाच वास न येणारे जाहले. याहून मोठा सुगंध घरास नाही, हे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु मातोश्रींचे आगमनाचे दिवशीच घात जाहला. फाटक उघडे राहिले आणि भुऱ्या नाल्याकडे पसार जाहला. परतला तो मानेपासून शेपटापर्यंत कशास तरी अंग घासून, मुद्रा अत्यंत प्रसन्न. निकेशरावांनी वाकून हुंगिले आणि त्यांचे तोंडचे पाणी पळाले. कारण की वाघ हद्द आखावयास झाडावर जो फवारा मारितो, त्यास सुवासिक तांदळाचा वास येतो, हे निकेशराव नित्य झाडापाशी जिप्सी उभी करून पाहुण्यांस सांगत आले होते. आज ते झाडच घरी आले. "रंजीता, हा वाघाच्या मुतात लोळून आला वो!" ऐसे ते ओरडले. रंजीताबाईंनी बादली उचलिली, तोच चौकात एसटीचा भोंगा वाजला, आणि पाहतात तो मातोश्री पिशवीसह दारात.

मग नाकाची स्वारी निघाली. बाईसाहेबांनी सोफा हुंगिला, गोधडी हुंगिली, दिवाणाखाली वाकून हुंगिले, आणि कोठेही शत्रू न सापडल्याने त्यांची भिवई चढू लागली. इतक्यात भुऱ्या धावत येऊन त्यांचे लुगड्यास बिलगला. निकेशरावांनी डोळे मिटिले. रंजीताबाईंच्या हातची बादली तशीच राहिली. बाईसाहेब वाकल्या, भुऱ्याचे मानेशी नाक नेले आणि दीर्घ श्वास घेतला.

"रंजीता, चिन्नोराचा भात शिजवला का वो?"

मग निकेशराव कसेबसे बोलले, "नाई माय. याले... आंघोळ घातली."

बाईसाहेबांनी पुनः हुंगिले, मुद्रा निवळली, डोळे पाणावले, आणि त्यांनी भुऱ्याचे मस्तक दोही हातांनी कुरवाळून हुकूम केला, "कुत्रे इथीच राह्यतील. कोनी वावराचं नाव काढाचं नाई. अन् निकेश, तो साबण लय बेस हाय. मले बी एक वडी आणून दे."

येणेप्रमाणे मोहर्लीची फत्ते जाहली. भुऱ्या व झिपरी यांस घर कायम बहाल, फर्मान रद्द, आणि उंबरठ्याचे ओले फडके वंशपरंपरा जारी. बहुत झुंजून मिळविलेला हा विजय येथे नमूद केला असे. साबण आणण्याची कामगिरी निकेशरावांकडे आली आहे. दुकान नाल्याकडे कोणत्या झाडाशी ते त्यांस पक्के ठाऊक आहे, परंतु दुकानदारापुढे जावयास ते राजी नाहीत.